बाबांची उसनवारीची वही आणि एक शिडी

जेलरोडकर

नाशिकरोडला वाढलेल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. देशाच्या नोटा ज्या मोजक्या ठिकाणी छापल्या जातात त्यातलं एक आमचं गाव, १९२८ पासून. पूर्ण नाव कोणी घेत नाही. नुसतं 'प्रेस'. माझे वडील प्रेसमध्ये चौतीस वर्षं होते, त्यातली बरीचशी तपासणी-मोजणीत. शंभर नोटांचं एक पाकीट, दहा पाकिटांचा एक गठ्ठा, की पुढचा. शाळेत मुलं विचारायची, तुझे बाबा रोज किती पैसे बघतात रे? एकदा घरी येऊन मीही विचारलं. म्हणाले, "कागद असतो तो. गेटच्या बाहेर गेला की पैसा होतो." मग झडती देऊन बाहेर पडायचं, सायकलवर टांग मारायची आणि बिटको चौकातून भाजी घेऊन घरी यायचं.

बाबा गेले त्याला आषाढात वर्ष झालं. वर्षश्राद्ध उरकल्यावर आईने माळा आवरायला काढला. पितळी डब्याच्या मागे एक लांबुडकी वही सापडली, खतावणी असते तशी, लाल कापडी पाठीची. मला वाटलं पैशाचा हिशेब असेल. कोणाचं काही देणं राहिलं असेल तर देऊन टाकावं म्हणून उघडली. पहिलं पान असं:

"शिडी – ३२ नंबर – मखर
इडलीपात्र मोठे – टेलरकाकू – मुलीचे केळवण
पंप – पोस्टमन
पाट ६, ताटे १२ – ८ नंबर – बारसे
गणित, रविवार सकाळ – मास्तरांचा धाकटा – वार्षिकपर्यंत
रक्त १ बाटली – ४१ नंबरची सून"

नंबर म्हणजे क्वार्टरचे नंबर. तेव्हा आम्ही नेहरूनगरला राहायचो. वस्तू परत आली की पुढे बरोबरची खूण. रक्तापुढे खूण नाही, नुसती आडवी रेघ. बाबा तिथे क्षणभर अडखळले असणार, कारण रेघ दोनदा ओढलेली आहे. अशी पन्नासेक पानं.

आता माझं. आयडी जेलरोडकर असला तरी राहतो गंगापूर रोडला, सातव्या मजल्यावर. अंबडला नोकरी, पगार चांगला. बाबांचा शेवटचा पगार मी सहा महिन्यांत हॉटेलात घालवत असेन. इमारतीत चाळीस फ्लॅट आहेत आणि ड्रिल मशीनही चाळीस असतील. घडीची ॲल्युमिनियमची शिडी प्रत्येकाच्या गॅलरीत. गेल्या तीन वर्षांत माझ्या दारात कोणी काही मागायला आलं असेल तर देखभालीची वर्गणी.

वही वाचल्यापासून डोक्यात एकच घोळतंय. पन्नास पानं भरतील इतकी माणसं ज्याच्या दाराशी न संकोचता यायची, तो माणूस श्रीमंत म्हणायचा की नाही? तुमच्या लेखी श्रीमंती कशात मोजतात?

(नाशिकचा धागा म्हणून तात्यासाहेबांची, म्हणजे कुसुमाग्रजांची, ती 'कणा' कविता कोणी टाकू नये. सगळ्यांना पाठ आहे.)

गोदाकाठ_७७

+१. वाचून गलबलून आलं. आमच्याकडे पूर्वी विळी फिरायची. म्हणजे अख्ख्या चाळीत नारळ खवायची विळी एकच.

द्राक्षबाग_निफाड

राग मानू नका भाऊ, पण पैशापलीकडच्या श्रीमंतीचे धागे पगारी माणसंच काढतात. एक तारखेला खात्यात पैसे पडले की मग पलीकडचं दिसायला लागतं.

२०२३ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे गारा पडल्या. अर्ध्या तासाचा खेळ. सकाळी बागेत गेलो तर घड जागेवर होते, पण मणी फुटून रस गळत होता, खाली चिकचिक. त्या दिवशी गावातली पंचवीस-तीस माणसं बांधावर येऊन उभी राहिली. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आधार वाटला. पण सोसायटीचं कर्ज त्यातल्या कोणाला फेडता आलं नाही. त्याच्या आदल्या साली एक व्यापारी माल उचलून पैसे न देताच गायब झाला होता, तेव्हाही हीच माणसं आली होती. सातबाऱ्यावर बोजा असला की माणसांची श्रीमंती चहापुरती.

छाटणी तोंडावर आलीय, जास्त लिहीत नाही.

जेलरोडकर

@द्राक्षबाग, राग कसला, बरोबर कान धरलात. बाबांना पेन्शन होती हे मी लिहायला हवं होतं. वहीतल्या प्रत्येक घरालाही दर महिन्याला सरकारी पगार येत होता.

आकडेमोड

यावर जगात बराच अभ्यास झालाय. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि अर्थतज्ज्ञ डीटन यांनी २०१० साली अमेरिकेतली माहिती तपासून म्हटलं होतं की वर्षाला साधारण ७५,००० डॉलरच्या वर उत्पन्न गेलं तरी रोजच्या मनःस्थितीत फारसा फरक पडत नाही. हा आकडा व्हॉट्सॲपवर अजून फिरतोय. २०२१ मध्ये किलिंग्सवर्थ यांनी दाखवलं की तसं काही नाही, त्यावरही समाधान वाढतच राहतं. मग कानेमन आणि किलिंग्सवर्थ भांडत न बसता एकत्र बसले (हे मला फार आवडलं) आणि २०२३ मध्ये मिळून निबंध काढला. बहुतेकांचं समाधान पैशाबरोबर वाढतंच. मात्र जे मुळातच फार दुःखी आहेत त्यांना एका मर्यादेपर्यंतच पैसा हात देतो, पुढे नाही. म्हणजे रिकाम्या खिशाचं दुःख पैशाने जातं, पण एकटेपणाचं, वियोगाचं तिथेच राहतं.

दुसरा हार्वर्डचा अभ्यास, १९३८ पासून चालू आहे. ७२४ जणांपासून सुरुवात झाली. त्यातले २६८ हार्वर्डचे विद्यार्थी आणि ४५६ बोस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं. त्यांची आयुष्यं पुढे तपासत गेले. म्हातारपणी कोण ठणठणीत आणि समाधानी राहतं, याचा अंदाज पैशापेक्षा जवळच्या नात्यांवरून जास्त नीट बांधता आला.

मिसळ_झणझणीत

म्हणजे ८५ वर्षं अभ्यास करून ते जेलरोडला पोचले.

पंचवटीची_सून

सगळे भारावलेत म्हणून मी जरा मिठाचा खडा टाकते.

आमचा पंचवटीतला वाडा. सासरे नेहमी म्हणायचे, आपल्याकडे पैसा नसेल पण माणसांची श्रीमंती आहे. खरंच होती. एरवीही घरी चार पाहुणे असायचेच, आणि सिंहस्थ आला की विचारू नका. २००३ साली पर्वणीच्या आधी आमच्याकडे एकवीस माणसं उतरली होती. त्यातल्या सहा जणांशी आमचं नातं काय, हे अजून कळलेलं नाही. सासरे ओसरीवर बसून सगळ्यांचं स्वागत करायचे, "अरे या या, आपलंच घर आहे." आत मी आणि माझी जाऊ. सकाळी पाचला कणीक भिजवायला घ्यायची. दुपारची पंगत उठली की चहा, चहाची भांडी होईतो संध्याकाळची भाजी. पाहुणे गेल्यावर नदीवर नाही, अंगणातच, वीस गोधड्या धुतल्या आम्ही दोघींनी. ओली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात, एक या टोकाला आणि एक त्या. जाऊबाईंशी माझं खरं सख्य जमलं ते त्या गोधड्यांमुळे, एवढं मात्र कबूल.

तर @जेलरोडकर, वहीतल्या इडलीपात्राबद्दल विचारते. ते टेलरकाकूंना देण्याआधी आणि परत आल्यावर घासलं कोणी? वहीत तुमच्या आईचं नाव आहे का कुठे?

जेलरोडकर

@पंचवटीची_सून, तुमचा प्रतिसाद वाचून मुद्दाम वही पुन्हा चाळली. नाही. पन्नास पानांत आईचं नाव एकदाही नाही. आज तिला विचारलं. ती म्हणाली, "द्यायचं मी कबूल करायचे, लिहायचे ते." आणि इडलीपात्र दोनदा खरकटं परत आलं होतं हेही सांगितलं. कोणाकडून तेही सांगितलं. पस्तीस वर्षांनंतर.

पंचवटीची_सून

:) त्यांना माझा नमस्कार सांगा.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच. माझी श्रीमंती मला पन्नाशीनंतर मिळाली. सावानाचं कार्ड. (बाहेरच्यांसाठी: सार्वजनिक वाचनालय, नाशिक, स्थापना १८४०.) दुपारी वाचनकक्षात जाऊन बसते. तासभर कोणी "पाणी दे गं" म्हणत नाही. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथेही जाते. निम्मी भाषणं कंटाळवाणी असतात. पण उघड्यावर वारा खात, रात्रीचा स्वयंपाक डोक्यात नसताना, दुसऱ्याचं कंटाळवाणं बोलणं ऐकत बसता येणं यासारखी चैन नाही.

सिडकोवाला

माझा अनुभव जरा वेगळा. आमची अकरा जणांची भिशी आहे, सगळे सातपूर-अंबडला वेगवेगळ्या कंपन्यांत. बावीस वर्षं झाली. महिन्याला ठरलेली रक्कम प्रत्येकाने टाकायची, चिठ्ठी निघेल त्याने उचलायची. कागद नाही, सही नाही. दर महिन्याला एकाच्या घरी बसायचं, ज्याच्या घरी त्याचा चिवडा-चहा.

मध्ये माझ्या कंपनीने अचानक ब्रेक दिला. नवी भिशी सुरू होत होती. मी गेलोच नाही, म्हटलं हप्ता भरायला जमायचं नाही, आधीच सांगितलेलं बरं. रात्री साडेदहाला तिघे घरी आले. म्हणाले चिठ्ठी काढली, पहिला नंबर तुझा. पाकीट टीव्हीवर ठेवलं आणि पाणी पिऊन निघून गेले. आठ दिवसांनी एकाच्या बायकोकडून माझ्या बायकोला कळलं की चिठ्ठी काढलीच नव्हती.

आता हे पैसा की पैशापलीकडचं? पाकिटात नोटाच होत्या. जेलरोडलाच छापलेल्या असतील. मला तर दोन्ही वेगळं काढता येत नाही. @द्राक्षबाग म्हणतात तसं नुसती माणसं बांधावर उभी राहून भागत नाही, पण पैसा कोणत्या हाताने येतो यात फरक आहेच की. तेवढीच रक्कम मी ॲपवरून कर्ज काढून आणली असती तर पहिल्या चुकलेल्या हप्त्याला सगळ्या नातेवाइकांना फोन गेले असते.

द्राक्षबाग_निफाड

@सिडकोवाला, हे पटलं.

आमच्याकडे पूर्वी सावड असायची. आज सगळ्यांनी तुझ्या वावरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, जेवण ज्याच्या वावरात त्याचं. माझ्या आजोबांनी विहीर खणली ती अशीच. द्राक्ष आलं आणि सावड गेली. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) ही कामं ठरलेल्या दिवशीच व्हायला लागतात आणि सगळ्यांच्या बागा एकाच वेळी कामाला येतात, मग कोण कोणाकडे जाणार? आता पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. मुकादमाशी एकरावर उक्तं ठरतं. पैसा आला हेही खरं. बंगला, ट्रॅक्टर, पोराचं इंजिनिअरिंग सगळं द्राक्षानेच दिलं. पण आजोबांच्या विहिरीवर कोणकोण राबलं त्यांची नावं वडील अजून सांगतात. माझ्या बागेत मागच्या हंगामात कोण राबलं, मला एकाचंही सांगता येणार नाही.

पेठकर

@द्राक्षबाग, त्यातला एक मी असेन कदाचित. :) बारावीनंतर तीन हंगाम टोळीबरोबर यायचो. आता नाशिकला नोकरीला आहे. तुम्हाला आमची नावं माहीत नव्हती, पण मुकादम शेतकऱ्याचा स्वभाव आधीच सांगून ठेवायचा. कोण पाणी थंड देतो, कोण उन्हात सुट्टी देत नाही. तीही एक वहीच होती म्हणा, तोंडी.

पक्षीवेडा

नांदूरमध्यमेश्वरला या एकदा थंडीत. पक्षी अभयारण्य आहे. २०२० मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. कादवा आणि गोदावरी मिळतात तिथे पहाटे धुकं असतं, आणि धुक्यातून चक्रवाक आधी ऐकू येतात, मग दिसतात. वाट दाखवणारी गावातली मुलं दुर्बिणीशिवाय पक्षी ओळखतात. माझी दुर्बीण पन्नास हजारांची.

धनलक्ष्मी_कन्सल्टंट

ज्यांच्याकडे पैसा नाही तेच अशी मनाची समजूत घालतात. योग्य गुंतवणुकीसाठी व्यक्तिगत संदेश करा.

मिसळ_झणझणीत

आले. तर्री घ्या.

निवृत्त_प्रेस

मी या स्थळावर फक्त वाचतो, लिहीत नाही. आज नातवाकडून टंकून घेतोय.

बाळा, तुझ्या वर्णनावरून तुझे वडील कोण ते बहुतेक ओळखलं, नाव इथे घेत नाही. आम्ही एकाच पाळीत होतो काही वर्षं. तपासणीचं काम म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधणं. पूर्वी खराब निघालेल्या नोटेच्या जागी त्याच नंबरची नोट पुन्हा तयार करावी लागे, चांदणीवाली नोट (नंबरात चांदणी छापलेली बदली नोट) पुढे २००६ मध्ये आली. त्यामुळे एका नोटेपायी किती खटाटोप, ते आम्हालाच ठाऊक. त्या सवयीने आम्ही सगळेच घरी हिशेबी झालो. बायका वैतागायच्या.

एक सांगतो. वही उलटी करून मागच्या बाजूने उघडून बघ. आमच्या पिढीत एकाच वहीत दोन हिशेब ठेवायचे. एका बाजूने दिलेलं, दुसऱ्या बाजूने आणलेलं.

आणि वर कोणीतरी कर्जाचं लिहिलंय म्हणून आठवलं. तुकोबांनी खतं (कर्जाचे कागद) इंद्रायणीत बुडवली असं सगळे सांगतात. कथा नीट ऐकली तर निम्मी खतं त्यांनी आधी भावाला वाटून दिली होती. स्वतःच्या वाट्याची तेवढी बुडवली, आणि तीही लोकांकडून येणं असलेली. त्यागसुद्धा हिशेबाने केला माणसाने.

जेलरोडकर

काका, नमस्कार. काल रात्री अकराला तुमचा प्रतिसाद वाचला, आणि तसाच उठून जेलरोडला गेलो. वही आईकडेच होती. आई म्हणाली, एवढ्या रात्री कोण मेलं?

उलटीकडूनही भरलेली आहे. वर लिहिलंय "आणलेले". मी पानं मोजली. सेहेचाळीस. म्हणजे दिलेलं पन्नास आणि आणलेलं सेहेचाळीस, जवळजवळ बरोबरी. मी आठ दिवस बाबांना दाता समजून डोळे पुसत होतो आणि हा माणूस निम्मी वही मागत होता! थोडं इथे देतो:

"डबा दोन्ही वेळ, १७ दिवस – ३२ नंबर – हिचे बाळंतपण" (तो मी.)
"कोट – ८ नंबर – साहेबांकडचे लग्न"
"रु. ४०० – टेलरकाकू – शाळेची फी" (खूण आहे, तीन हप्त्यांत, तीन खुणा.)
"कपबश्या ११ – १९ नंबर. एक फुटली, १ नवी दिली, रंग वेगळा"

डब्यापुढे खूण नाही. रक्तापुढे होती तशीच दोनदा ओढलेली रेघ.

आणि आता गंमत. धाग्याच्या शीर्षकात शिडी का आली ते सांगायचं राहिलंच होतं. दिलेल्या बाजूला शिडीची नोंद सतरा वेळा आहे. शेवटची २०११ ची, "उपनगर, टेलरकाकू" (उपनगर हे इथल्या एका भागाचंच नाव), आणि पुढे खूण नाही. म्हणजे शिडी परत आलीच नाही. मी ठरवलं होतं की ती शोधून आणायची, बाबांची आठवण म्हणून. काल रात्री उलट्या बाजूच्या तिसऱ्याच पानावर सापडलं: "शिडी, बांबूची, ९ पायऱ्या – १४ नंबर – छत झाडायला, १९८७." खूण नाही.

शिडी आमची नव्हतीच. बाबांनी चोवीस वर्षं दुसऱ्याची शिडी लोकांना उसनी दिली.

मिसळ_झणझणीत

हा धाग्याचा सर्वोच्च बिंदू आहे. प्रेसच्या मोजणी खात्यातला माणूस!!

पंचवटीची_सून

हसून हसून पुरेवाट. शिडीचं पुढे काय ते नक्की कळवा.

आकडेमोड

सतरा वेळा उसनी गेलेली बांबूची शिडी १९८७ पासून टिकली असेल का, हा माझा प्रश्न आहे.

जेलरोडकर

टिकली आहे.

रविवारी उपनगरला जाऊन आलो. टेलरकाकू आता ८३ वर्षांच्या. मुलाने बंगला बांधलाय, शिलाई मशीन जिन्याखाली. मी कोण ते सांगितल्यावर पहिलं वाक्य, "इडलीपात्र मी घासून दिलं होतं हो." (आईच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, तसं सांगितलं. बऱ्याच खुलल्या.)

शिडी परसात भिंतीला टेकवलेली आहे. पायऱ्या आता सात. दोन तुटल्यात, त्या जागी सुतळी. त्यावर दोडक्याचा वेल चढवलाय, गच्च, खालून शिडी दिसतसुद्धा नाही. मी म्हटलं काकू, ही शिडी १४ नंबरची आहे. त्या म्हणाल्या, "१४ नंबर? आम्हाला तर तुमचीच वाटायची. अलीकडे तर आमचीच वाटायला लागली होती." मग म्हणाल्या ने खुशाल, पण वेल वाळू दे. आत्ता ओढलीस तर फुलं झडतील. दिवाळीनंतर ये.

१४ नंबरवाल्यांचा मुलगा पुण्याला असतो. निवृत्त काकांनी नातवाकरवी नंबर मिळवून दिला. त्याला शिडी आठवत नाही. त्याच्या मते त्यांच्याकडे शिडी कधी नव्हतीच, वडिलांनी कुठून तरी आणलेली असणार. पण माझ्या बाबांचा सायकल पंप त्याला आठवत होता. चाळीस मिनिटं बोललो. आम्ही एका वर्गात होतो हे मीच विसरलो होतो.

निघताना काकूंनी हातात दोडके ठेवले. नको नको म्हणताना घ्यावे लागले. घरी येऊन वही घेतली, उलटी केली, आणि बाबांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं: "दोडके २ – टेलरकाकू." खूण करायची जागा सोडली आहे.